हिरोईनचा बाप

शहाऐंशी साली एरंडोलजवळच्या एका गावात सिनेमाचं शूटिंग झालं. जाताना सिनेमावाले जे टाकून गेले, ते निंबाआबांनी जपून घरी आणलं. 'पोलीस चौकी' लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी गोठ्यावर लावली आणि चंदनाचा हार घातलेला स्वतःचाच फोटो ओसरीत. सिनेमात हिरोईनचा मेलेला बाप म्हणून आबांचा फोटो वापरला होता.

"जित्ता माणूसना फोटोले हार घालतस का कोनी?" त्यांची बायको झुंबरबाई म्हणाली.

"तो मी नही. तो हिरोईनना बाप शे." सिनेमातली वस्तू सिनेमात होती तशीच ठेवायची, यावर आबा ठाम होते.

मग रोज सकाळी कुंकू लावून झालं की झुंबरबाई तो हार काढून कोनाड्यात ठेवायची आणि संध्याकाळी शेतातून आले की आबा तो परत फोटोला घालायचे. अकरा वर्षं दोघांपैकी कोणीच माघार घेतली नाही.

आबांच्या तेराव्याला मुलाने तोच हार फोटोला घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईने तो नेहमीसारखा काढून ठेवला आणि ओसरीत बसून राहिली.

दिवेलागण झाली, तरी हार कोनाड्यातच होता.