किकवरचा नाल

अंध मुलांच्या मदतीसाठी निघालेल्या रॅलीतल्या जुन्या मोटारसायकली बघताना धुरपदाबाई एका येझदीपाशी थबकल्या. किकच्या दांड्यावर बैलाचा नाल वेल्ड केलेला होता. नवऱ्यानं विकलेली तीच गाडी! आताचा तरणा मालक किका मारून घामाघूम झाला होता आणि बाकीच्या गाड्या येडशीकडं निघाल्यासुद्धा. “सरक बाजूला,” म्हणत त्यांनी पदर खोचला, कार्बोरेटरची कळ पेट्रोल ओघळेपर्यंत दाबली आणि नालावर पाय ठेवून एकच किक मारली. गाडी धडधडली. “आजी, हे कुठं शिकलात?” “आमच्या ह्यांचा पाय अधू. माझी चप्पल घसरू नये म्हणून त्यांनीच नाल बसवला. किक म्या मारायची, चालवायचे ते.” “मग बसा की मागं! येडशीपर्यंत चला.” धुरपदाबाईंनी हँडल सोडलं नाही. “शेतात चोरून चालवायला शिकले, तरी वीस वर्षं मागंच बसले. आज तू बस मागं.”