बीटाची नववी बाटली

बाटलीच्या झाकणाला आतून पांढरा लेप असतो. बीटाचं लोणचं महिनाभर त्याखाली मुरलं की तो लेप गुलाबी होतो, आणि मग कितीही घासला तरी पांढरा होत नाही. वहिनींच्या फडताळातली सगळी झाकणं तशी गुलाबी होती. फक्त ताईंकडून परत आलेली आठ झाकणं दुधासारखी पांढरी. ताई म्हणजे वहिनींची नणंद, स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. काहीतरी युक्ती असणार, एकदा विचारायला हवं, असं वहिनी दरवर्षी ठरवत आणि दरवर्षी विसरत.

आज झाकणं काढायला त्या वाकल्या आणि त्यांना मागच्या कोपऱ्यात व्हिनेगरची बाटली दिसली. भरलेली. सील न तोडलेली.

वहिनींनी लोणच्याची वही उघडली.

परसातली बीटं यंदा दोन खेपांत शिजवली होती. प्रत्येक खेपेला एक बाटली व्हिनेगर. वहीत दोन्ही खेपांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, पण वाण्याकडून सामान आलं की वहिनी लगेच खुणा करून मोकळ्या होत. ती खूण सामान आल्याची होती, ओतल्याची नव्हे. आणि हे कुणी करावं, तर तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईनं!

दुसऱ्या खेपेतली एक बाटली उघडून त्यांनी आम्लता मोजायचं यंत्र आत बुडवलं. आकडा चारच्या खाली हवा होता. आला पाच पूर्णांक आठ. आंबटपणा नसलेलं बीट, हवाबंद बाटली आणि अकरा दिवस. त्यात जे विष तयार होऊ शकतं त्याला वास नसतो आणि चवही नसते.

खेपेत सहा बाटल्या भरल्या होत्या. पाच समोर होत्या. सहावी ताईंकडे.

ताईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. वहिनींनी पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या.

रस्ता दहा मिनिटांचाच, पण आज सरता सरेना. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघींचं वाजलं होतं, ते दीड वर्ष अबोला धरण्यापर्यंत. शेवटी वहिनींनी नवऱ्याच्या हाती बीटाची पहिली बाटली पाठवली आणि आठवड्यानं फोन आला, "वहिनी, चाटूनपुसून संपवली गं!" तिथून पुन्हा येणंजाणं सुरू झालं. मग दरवर्षी एक बाटली, दरवर्षी ताईंचा अभिप्राय. एकदा त्या म्हणाल्या, किंचित आंबट झालंय, तर पुढच्या वर्षी वहिनींनी व्हिनेगर दहा मिलीलिटरनं कमी केलं. सगळं वहीत तारखेनिशी होतं. स्वतःच्या यंत्रापेक्षा त्यांचा ताईंच्या जिभेवर जास्त विश्वास होता.

ताई परसात झाडांना पाणी घालत होत्या. वहिनींचा जीव अर्धा खाली आला. निदान उभ्या तरी होत्या. परसू हिरवंगार होतं, फक्त नळाजवळची टोपलीएवढी जागा बोडकी. मागे वहिनींनी तिथली माती तपासूनही दिली होती. माती खारट निघाली, आम्लधर्मी निघाली, कारण काही कळेना. "जागाच करंटी आहे ती," म्हणून ताईंनी विषय मिटवला होता.

"ताई, यंदाची बाटली कुठंय?"

"अगं, आधी श्वास तरी घे! संपली. परवाच तळ गाठला. यंदा कमाल केलीस हं, आंबटपणा अगदी जिथल्या तिथं."

वहिनींनी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "डोळ्यांना एकाचे दोन दिसतायत का?"

"नाही बाई. तू एकच दिसतेस, आणि तेवढी पुरे आहे."

"चेष्टा नको. घास गिळताना अडकतो? पापण्या जड वाटतात?"

"वहिनी, झालंय काय?"

वहिनींनी एका दमात सगळं सांगितलं. सांगता सांगता पिशवीतून फोन काढला. "गाडी बोलावते. असंच निघायचं, साडी बदलायची नाही. तुमच्या भावाला परस्पर तिकडं यायला सांगते."

"पण मला काही होत नाहीये!"

"व्हायच्या आतच जायचं असतं. दोन-चार दिवस ठेवून घेतील, श्वासाचं यंत्र उशाशी ठेवतील. ताई, माझ्या हातून तुम्हाला काही झालं ना, तर मी..." वाक्य अर्धवट टाकून त्या आकडे दाबू लागल्या.

ताईंनी नळ बंद केला. भर वर्गात चिठ्ठी सापडलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"ठेव तो फोन. मी खाल्लं नाहीये ते."

"थोडंसं तरी खाल्लं असेल..."

"चमचाभरही नाही. बोटसुद्धा लावलं नाही. आईची शपथ."

वहिनी पायरीवर मटकन बसल्या. जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं ते न कळून त्यांनी दोन्ही केलं, आणि पदरानं तोंड पुसलं. शेजारीच धुतलेली बाटली पालथी घातली होती. तिचं झाकण उताणं वाळत होतं. आतून पांढरंशुभ्र. वहिनींनी ते उचललं आणि लेपावरून अंगठा फिरवला.

ताई हळूच येऊन त्यांच्या शेजारी टेकल्या.

"नऊ वर्षं घोकून ठेवलंय, पण बाटली दारात आली की माझी दातखीळच बसते. आज सांगूनच टाकते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मला बाटली नको गं. त्या नळाजवळ आता गवतसुद्धा उगवत नाही."