अकरा सेकंद

“अकरा सेकंद!” संकलकाने चित्र थांबवलं. “ताई, हातात सुरा घेतलेली बाई अकरा सेकंद नुसती उभी? तेवढ्यात शत्रू जेवून, हात धुऊन येईल.”

“येऊ दे की,” दिग्दर्शिका ताई म्हणाल्या.

पाच मारेकरी बायकांची ती कार्टून मालिका. बायका एकीपेक्षा एक झकास, संकलकाचा त्यांच्यावर भारी जीव. दुखणं एकच. दर भागात एक मारेकरीण दबक्या पावलांनी खोलीत शिरायची, थबकायची, मागे पडदा हलायचा आणि ऐनवेळी गर्रकन वळून ती शत्रूला लोळवायची. शेंबडं पोरही आधी सांगेल. पहिल्या भागात तर हा थांबा तब्बल वीस सेकंदांचा होता. मग ताईंनीच लहर लागेल तसा एकेक सेकंद कमी केला. का, ते कधी सांगितलं नाही.

आता चॅनेलच्या साहेबांनी निर्वाणीचं कळवलं होतं : संध्याकाळपर्यंत चटपटीत भाग पाठवा, नाहीतर गाशा गुंडाळा. संकलकाने तीन सेकंदांची प्रत करूनही ठेवली होती.

“बाहेरच्या कुणाला तरी दोन्ही दाखवू,” तो म्हणाला. “तुमचे वडील बघतात ना?”

“एकही भाग चुकवत नाहीत.”

“मग झालं तर! तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केलेला माणूस. स्पष्टच बोलेल.”

ताई उठल्या. “चल. जेवायलाच चल.”

ताईंच्या घरी आजोबा, म्हणजे त्यांचे वडील, खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्याशी रुमाल खोचून बसले होते. संकलकाने वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात किंचित उचलला, उजवा मांडीवरच राहिला. काय रुबाब आहे, त्याला वाटलं.

आधी त्याने आपली प्रत लावली. मारेकरीण शिरली, थबकली. आजोबांनी तोंड उघडलं. तोवर शत्रू आडवा झालासुद्धा. तोंड मिटलं.

जांभई! चटपटीत भागालाही जांभई? संकलक चरकला. म्हातारा भलताच चोखंदळ दिसतोय.

“आता माझी लाव,” ताई म्हणाल्या.

मारेकरीण थबकली. सवयीने तो मनात मोजू लागला. एक, दोन. आजोबांनी पुन्हा तोंड उघडलं. चार. स्वयंपाकघरातून ताईंची आई हातात पळी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. सहा. आजोबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मघाची ती जांभई नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“मा…” आठ. “गे…” नऊ. “बघ!”

दहा.

अकराव्या सेकंदाला मारेकरीण गर्रकन वळली. आजोबा घामाघूम होऊन हसत होते.

आईने डोळे पुसले, पळी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. तिथे ‘अर्धांगाचा झटका’ अशा नोंदीखाली वीसपासून उतरत आलेले आकडे होते. अकराच्या खाली तिने दहा लिहिले.

 संकलकाने आपल्या प्रतीचा पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. “साहेबांना काय सांगू, ताई?”

ताई वडिलांच्या हनुवटीखाली रुमाल सारखा करत होत्या.

“सांग, पुढच्या भागात दहा चालतील.”