थिजणारा चीक

शर्वरी गवसने रबराचा ताव आवाज ऐकवणाऱ्या यंत्राखाली सरकवला. रबराच्या झाडाचा चीक थिजताना आसपासचे आवाज त्यात मुरतात, हे कळल्यापासून प्रत्येक बागेचा माल ऐकूनच निर्यातीच्या बोटीवर चढवला जात असे. मजुरांच्या हक्कांसाठीचा हा प्रकल्प दोडामार्गात शर्वरी सांभाळत होती.

तावातून काठीचे फटके ऐकू आले, मग एका बाईची किंकाळी. "मारू नका, हात मोडला!"

मागे उभ्या असलेल्या बागेच्या मुकादम नाटेकरने ताव हिसकावून भट्टीत फेकला. "आता कसला पुरावा, मॅडम?" म्हणत त्याने लोखंडी दांडा तिच्या खांद्यावर हाणला. दुसरा घाव कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी ती सरपटत थिजायला ठेवलेल्या ताज्या चिकाच्या ताटांपाशी गेली आणि ओरडली, "मी शर्वरी गवस! मला मुकादम नाटेकर मारतोय!"

दारात चीक काढणारी बुधनी उभी होती, एक हात गळ्यात बांधलेला. ती ताटावर वाकली. "मी बुधनी. माझा हात ह्यानंच मोडला."

नाटेकरने पुन्हा दांडा उगारला, पण बुधनीच्या मागून आलेल्या मजुरांनी तो वरच्यावर धरला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्या ताटांत थिजलेले ताव ऐकले आणि नाटेकरला बेड्या पडल्या. बुधनीचा हात मात्र वाकडाच जुळला.