धपाटे खाऊन सांगितलेलं

सोमवारपासून अधिवेशन सुरू होणार होतं, त्यामुळे माझ्या लेकीच्या बारशाला आलेला प्रत्येक जण पाळण्याऐवजी तिच्या आमदार आत्याकडेच वळत होता. कुणाला वेशीला कमान हवी होती, कुणाला देवळापुढे सभामंडप. वन्सं सगळ्यांना "बघू हां" म्हणत होत्या.

मी घरातलीच, त्यामुळे मागायला संकोच वाटत होता. पण लेक घाटात, ॲम्ब्युलन्समध्येच जन्मली, कारण तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपण करायला डॉक्टरच नाही. शेजारच्या प्रणालीला आता आठवा लागलाय. सकाळपासून मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आत्याबाई, वाका लवकर! आमचे हात शिवशिवायला लागलेत," मावशी ओरडल्या.

वन्सं पाळण्यावर वाकल्या. कुर्रर्र झालं, नाव सांगून झालं, पाठीत धपाटे बसायला लागले, तरी त्या उठेनात. मार खात बाळाच्या कानात कुजबुजतच राहिल्या.

"एवढं लांबलचक नाव ठेवलंस की काय गं?" सासूबाई हसल्या.

"नाव रेवतीच," पाठ चोळत वन्सं म्हणाल्या. "पुढचं आम्हा आत्या-भाचीचं आहे."

मला राहवलं नाही. "काय सांगितलंत?"

"पहिली लक्षवेधी दवाखान्यातल्या डॉक्टरची लावते म्हटलं." मग कमानवाल्यांकडे वळून त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "आता बाळाच्या कानात सांगितलेलं बदलता येतं का?"

मी घुगऱ्यांची पहिली वाटी भरली आणि सरळ प्रणालीकडे गेले.