ओट्याचं माप

पहिली लाथ बसली तेव्हा पीरमहंमद गवंडी फरशीवर लिंबू पिळत होता.

बनुबाई चुलीपुढं बसली होती. नवऱ्याची लाथ मागून पाठीत आली, ती पुढं कलंडली आणि पिठाचा हात तापल्या तव्यावर टेकला. ती ओरडली नाही. भाजलेला हात तिनं तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटली. भाकरी एका बाजूनं करपली होती. लाथेचं कारण तेवढंच.

"चालू द्या तुमचं," गहिनीनाथ गवंड्याला म्हणाला. अंगावरचा ढेकूण झटकून टाकावा, इतक्या सहज.

लढाईची चार वर्षं गहिनीनाथनं नगरच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याच्या हाताखाली भांडी घासली होती. गावात मात्र तो स्वतःलाच खानसामा म्हणवून घ्यायचा. साहेबाकडं दगडी ओट्यावर उभ्यानं स्वयंपाक व्हायचा, तर आपल्याकडंही झाला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून पीरमहंमदनं दोन दगड आणले होते. एक शहाबादी फरशीचा हातभर तुकडा, आणि एक चांगली चार बोटं जाड काळ्या दगडाची लादी. ती चौघांनी मिळून आत आणली होती आणि चुलीशेजारी भिंतीला टेकवून उभी केली होती.

ओट्याची उंची घरच्या बाईच्या अंगावरून घ्यायची असते. पीरमहंमद परक्या बाईच्या जवळ जात नसे. सुताचं एक टोक तो जमिनीवर पायानं दाबून धरी, दुसरं बाईच्या हाती देई, आणि ती कमरेशी धरेल तिथं गाठ मारी. सकाळी ते सूत गहिनीनाथनंच हिसकावून घेतलं आणि आपल्या छातीशी धरलं. "सायबाचा वटा हितवर व्हता." बनुबाई त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. पीरमहंमदनं गाठ मारलीच नाही.

आता फरशीवर लिंबाचा बारीक फेस आला होता. गवंड्यानं तो फडक्यानं पुसला. खाली पांढुरका, खरखरीत डाग उरला.

"ह्यो आंबट खातो," तो म्हणाला. "चिंच सांडली, ताक सांडलं, की गेला. काळ्याला काय व्हत न्हाई. काय बी सांडू द्या, दिसायचं न्हाई."

"सायबाकडं ह्योच व्हता."

"सायेब चिंच खात नसंल."

उंबऱ्यापाशी बसलेली छबूबाई, गहिनीनाथची आई, फिसकन हसली. गहिनीनाथचं तोंड उतरलं. आईपुढं त्याचं काही चालत नसे, आणि आईपुढं न चाललेलं सगळं तो बायकोवर काढी. बनुबाईची पाठ आपोआप आकसली.

"दगुड कंचाबी असू दे," छबूबाई म्हणाली. "पर उभ्यानं भाकरी थापायची म्हंजी काय? येनाराजानाराच्या तोंडाला तोंड देत? बाईमानूस चुलीपुढं वाकलेलंच बरं दिसतं."

झालं. खानसाम्याची हौस तिथंच फिटली.

"उचला तुमचं दगुड," गहिनीनाथ म्हणाला. "वटाबिटा काय न्हाई करायचा."

पीरमहंमद फडकं घडी करू लागला.

"नेऊ नका, पीरभाऊ," बनुबाई म्हणाली. तिचं तोंड चुलीकडंच होतं. "काळा बसवा."

"तुला कुनी इचारलं गं?" गहिनीनाथ म्हणाला.

"कुनी न्हाई. पर सैपाक मी करते." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "खाली बसलं की लाथ मागनं येती. कवा येती ती कळत न्हाई. उभं ऱ्हायलं तर तुमाला हात उचलावा लागंल. हात मला दिसतो."

छबूबाईचा हात नकळत स्वतःच्या कमरेमागं, जुन्या दुखण्यावर गेला आणि तिथंच राहिला.

गहिनीनाथनं पाय मागं घेतला आणि होती नव्हती ती ताकद लावून झाडला. आजवर बनुबाई अशा वेळी अंग चोरून जागच्या जागी बसायची. आज तिनं स्वतःला बाजूला झोकून दिलं, परातीतल्या पिठावरच. लाथ तिच्या जागेवरून तिरकी जाऊन शेजारच्या काळ्या लादीच्या कडेवर बसली.

कडकन आवाज झाला. तो दगडाचा नव्हता. तीस वर्षं दगड फोडणाऱ्या पीरमहंमदला तेवढं कळत होतं. लादी जागची हलली नाही. गहिनीनाथ बनुबाईच्याच जागेवर कोसळला आणि पाय दोन्ही हातांत धरून ढोरासारखा हंबरू लागला. अंगठा आणि दोन बोटं भलतीकडंच वळली होती. लादीवरून रक्ताचा ओघळ खाली आला होता, पण तो मातीत उतरला तेव्हाच दिसला.

बनुबाई उठली. अंगावरचं पीठ तिनं झटकलं नाही. आधी तवा उतरवला, मग लाकडं मागं ओढली. मग नवऱ्याला वळसा घालून ती भिंतीपाशी गेली आणि सरळ उभी राहिली. भाजलेला हात तिनं पुढं केला.

"द्या सूत," ती म्हणाली.

पीरमहंमदनं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं लांबूनच तिच्या हातात दिलं. तिनं ते कमरेशी धरलं. खाली गहिनीनाथ आईच्या नावानं ओरडत होता.

छबूबाई उंबऱ्यावरून उठली, भिंत धरत धरत आत आली आणि सुनेच्या हातातल्या सुताकडं बघत राहिली.

"पीरू," ती म्हणाली, "दोन बोटं वर घे. वाकायला नगं तिला."