वार पुरायची जागा

पोर रडलं, तशी सोजरबाईने मान भिंतीकडे फिरवली.

"पाह्य तं खरी, पोरगी हाये," सुईण रुपाबाई म्हणाली. तिला स्वतःला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून ती आत यायला धजली.

"आदी सांग, तिच्या आंगावर किती फोड हायेत?"

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पोटुशीपणाच्या सातव्या महिन्यात, सोजरबाईला देवी आल्या होत्या. लगोलग तिची रवानगी शेतातल्या गोठ्यात झाली आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. नवरा इंद्रभान बांधावर भाकर ठेवायचा, हाक मारायचा आणि ती बाहेर येईस्तोवर पाठमोरा झालेला असायचा. सासू रंगूबाईने देवीला नारळ कबूल केला, पण बांध काही ओलांडला नाही. माणसं भलीच होती. भलेपणा तेवढा लांबून चालला होता. खपल्या गळाल्या, व्रण राहिले, तरी कोणी आलं नाही. आता देवी पोटात बसली, असं गाव म्हणू लागलं. सोजरबाईलाही ते पटलं. पोर आतून लाथा मारायचं, पण पोटावर हात ठेवायची तिची छाती होत नव्हती. फोड आलेले हात लेकराला कसे लावायचे? फार एकटं वाटायचं तिला. गावाने तिला टाकलं होतं आणि तिने पोटातल्या पोराला.

मंगरूळपीरहून आलेल्या नर्सबाईंनी पोरगी दारातल्या उजेडात धरली. कानामागे पाहिलं, काखेत पाहिलं, तळपाय पाहिले.

"एकही फोड नाही. देवी हिच्यापर्यंत पोचलीच नाही. वारेनं मधेच अडवली."

"वारेनं?"

"हो. तुझ्यातलं सगळं तिच्यातूनच बाळाला जातं. अन्न तिनं जाऊ दिलं, रोग थांबवला. दर वेळी तिला जमतंच असं नाही, बाई."

सोजरबाईने लेक घेतली. तिच्या इवल्या पाठीवर आपला व्रणांचा हात ठेवला आणि कितीतरी वेळ रडली.

रुपाबाईने वार मडक्यात घातली. एरवी ती घराजवळच पुरतात. पण बांधावरून रंगूबाई ओरडली, "रुपा, ते इथं नोको पुरू वं! शिवेबाहीर ने. देवीमातेचं हाये ते!"

रुपाबाईने मडकं उचललं.

"ठेव ते खाली," सोजरबाई म्हणाली. "इथंच पूर, माह्या दाराशी. तुमी सारे बांधावर उभे होते. आत आमच्यापाशी हीच एकटी होती."